डबीचं वजन

१

काटा एकाहत्तरावर जाऊन थांबला.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं, चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि पुन्हा पाहिलं. "साहेब, तुम्ही वाचा बरं. मला एकाहत्तर दिसतंय."

"एकाहत्तरच आहे," ती म्हणाली. बाबा तिला लहानपणापासून साहेब म्हणत. आता तिला तेविसावं लागलं होतं, पण बढती काही मिळाली नव्हती.

"मग काटा बिघडलाय."

काटा म्हणजे बाथरूममधला वजनकाटा. त्यावर एक फळी आणि फळीवर डबीचं नाक. डबी हे नाव आईनं ठेवलेलं. गाडीमागे जोडून न्यायचा तो एक लहानसा ट्रेलर होता. आत समोरासमोर दोन बाकं, मध्ये हात धुवायची बशीएवढी मोरी, एक कपाट आणि दोन खिडक्या. चार माणसं आत शिरली तर एकानं श्वास सोडल्यावर दुसऱ्यानं घ्यायचा. गाडीच्या हुकावर डबीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या जोडदांड्याचा, किती भार पडतो, हे बाबा प्रत्येक सहलीआधी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मोजायचे. तो त्यांचा नेमच होता.

सकाळी मोजलं तेव्हाही एकाहत्तरच भरलं होतं. त्यानंतर पुढच्या बाकाखालून दोन जुन्या बॅटऱ्या काढल्या. शिशाच्या, बावीस-बावीस किलोच्या. त्या उचलताना बाबा आणि इलेक्ट्रिशियन काका दोघांच्याही तोंडून नाही नाही ते शब्द बाहेर पडले होते. त्यांच्या जागी नवी लिथियमची एकच बसवली. अकरा किलोची. ती तर तिनं एकटीनं तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली होती. चव्वेचाळीस गेले, अकरा आले. तेहतीस किलो कमी व्हायला हवे होते. डबीचं नाक अडतीस भरायला हवं होतं.

"सरका, मी बघतो," म्हणत काका स्वतःच काट्यावर उभे राहिले. खाली पाहून त्यांनी सुस्कारा सोडला. "काटा ठणठणीत आहे. माझं अगदी बरोबर दाखवतोय. दुर्दैवानं."

"मग आत काहीतरी राहिलं असेल."

बघायला तिलाच पाठवलं. आत काहीच नव्हतं. हत्यारांची पेटी बाहेर, दोऱ्या बाहेर, भांडी घरात. पुढच्या बाकावर निळी गादी तेवढी होती आणि तिच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात एक उथळ खळगा पडला होता. बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिल्यावर गादीला खळगे पडणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. दाराची बेल वाजली तरी जी दचकते, तिला स्वतःला समजावायची सवय असते.

उतरताना मात्र तिनं दाराकडे पाठ केली नाही. मागे सरकत सरकत, डबीकडे तोंड करूनच ती खाली आली.

२

ही सगळी खटपट तिच्यासाठी चालली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

ती दहा वर्षांची होईपर्यंत दर सुट्टीत डबी बाहेर निघायची. पुढचं बाक तिचं. त्याच्यावर भिंतीला एक छोटा दिवा होता आणि तो रात्रभर चालू राहिला तरच ती झोपायची. मग एका सहलीत, तळ्याकाठी, बॅटऱ्यांनी ऐन मध्यरात्री मान टाकली. दिवा गेला. पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं, पण आईला सगळं आठवत होतं, आणि आईला ते सांगायला आवडायचं.

"अशी किंचाळली काका, की तळ्यातली बदकं उडाली. ह्यांनी तिला पांघरुणात गुंडाळली, गाडीत माझ्या मांडीवर टाकली, डबी मागे जोडली आणि रातोरात घरी. आणि गंमत ऐका. माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारलीय, आणि घर येईपर्यंत एकच रडगाणं. 'मला तिथेच ठेवलंत. मला घेऊन चला ना.' मी म्हटलं, अगं बाई, मग ही माझ्या मांडीवर कोण बसलीय?"

काका खो खो हसले. तीही हसली. दरवेळी या ठिकाणी ती हसायचीच. कप खाली ठेवताना या वेळी मात्र तो बशीवर जरा जास्तच वाजला.

बाबा हसले नाहीत. त्या रात्रीनंतर डबी मागच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. ते लेकीला एका शब्दानं बोलले नाहीत. "दोष बॅटऱ्यांचा होता," एवढंच म्हणत राहिले. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताडपत्री ओढून काढली. लिथियम बॅटरी, छतावर सोलर पॅनेल, सगळं नवं करायचं ठरवलं.

"माझी सवत पुन्हा दारात आली," आई म्हणाली, आणि तिनं पडद्यांसाठी नवं कापड आणलं.

३

पॅनेल बसवायच्या दिवशी बाबा छतावर होते आणि ती आत. छताला एक भोक पाडलं होतं. त्यातून बाबा वायर सोडणार आणि ती खालून ओढणार. बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि छत जाडजूड, म्हणून हाका मारण्याऐवजी दोघांनी ठोकण्याची भाषा ठरवली. एकदा ठोकलं की थांब. दोनदा, ओढ. तीनदा, झालं.

दोनदा ठोकल्याचा आवाज आला. तिनं हातभर वायर ओढली. एकदा. थांबली. मग तिच्या लक्षात आलं की टेप घरातच राहिली आहे. ती दारातून ओरडली, "बाबा, आलेच हं!" आणि घरात गेली. टेप मिळेना. मिळाली तेव्हा आईनं हातात चहाचा ट्रे दिला. दहा मिनिटं सहज गेली असतील.

ती अंगणात आली तर बाबा छतावर मांडी घालून बसले होते. चारही कोपऱ्यांचे स्क्रू पिळून झाले होते आणि भोकाभोवती पाणी अडवायचा गम लावून झाला होता.

"शाबास साहेब!" ते वरून म्हणाले. "काय नेमकी ओढलीत वायर! इंचभर कमी नाही, इंचभर जास्त नाही. तीनदा ठोकायलाही विसरला नाहीत."

तिनं ट्रे पायरीवर ठेवला.

"बाबा, मी..."

ते घामानं निथळत होते आणि दहा वर्षांनी लहान दिसत होते. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस छतावर मांडी घालून हसत बसला होता. आता आपण काही बोललो तर ते क्षणात खाली उतरतील, आपल्या खांद्यावर हात ठेवतील, "राहू दे" म्हणतील आणि डबीवर पुन्हा ताडपत्री चढेल. एकदा आपण त्यांचं हे सुख मोडलं आहे. दुसऱ्यांदा मोडायचं नाही.

"...चहा आणलाय," ती म्हणाली.

आत वायरमधल्या दोन्ही तारांची टोकं पुढच्या बाकाच्या पायाला बांधून ठेवली होती, सुटून लोंबू नयेत म्हणून. बुटाच्या नाडीची असते तशी गाठ. तिचा एक कान लांब, एक आखूड.

जाताना आपणच बांधली असेल, तिनं मनाशी म्हटलं. घाईत माणसाला आठवत नाही. पण लांब-आखूड कानांची गाठ ती लहानपणी बांधायची. आईनं तिसरी-चौथीत ओरडून ओरडून कान सारखे करायला लावायचा प्रयत्न केला होता. नंतर कधीतरी ते आपोआप सारखे झाले. कधी, ते तिला आठवेना.

४

शेवटची जोडणी इलेक्ट्रिशियन काकांनी केली. फ्यूज बसवला, चार्जरचा डबा कपाटात ठोकला, मग तिच्या मोबाईलवर एक पडदा उघडून दिला.

"हे तुमचं खातं. डबीत सिम आहे, त्यामुळे घरबसल्या दिसेल. वर सूर्याकडून किती आले, खाली तुम्ही किती उडवले. आता सगळं बंद आहे, बघा. खाली शून्य."

बाबांनी पुढच्या बाकावरचा छोटा दिवा लावला. शून्याचे तीन झाले.

"तीन वॅट," काका म्हणाले. "सूर्य उगवलाच नाही तरी पंधरा दिवस विझायचा नाही हा."

"आणि उगवला तर?"

"तर तुम्ही विझवाल तेव्हा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षं जे कुठेतरी अडकून पडलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलेलं दिसलं. तिनं त्यांच्या हाताला लागलेला गम खरवडायला घेतला.

"चला, चार्जरचा फोटो काढतो," ते म्हणाले. कपाटाच्या दाराला स्प्रिंग होती, सोडलं की खाडकन मिटायचं. म्हणून तिनं दार धरून ठेवलं. बाबांना एका हातानं फोटो काढता येत नसे. फोन ते दोन्ही हातांत धरत, काठोकाठ भरलेली बशी धरावी तसा, आणि अंगठ्यानं चाचपत बसत.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोनच वाजला आणि ती दचकून मागे गेली. दार मिटलं.

"काका, हिला आता फोनची भीती वाटते," बाबा हसत म्हणाले. "आणि लहानपणी? मी गाडी चालवत असलो की माझा फोन हीच उचलायची. नाव सांगायची नाही, काही नाही. 'बाबा गाडी चालवतायत. मी बोलतेय.' पलीकडचा विचारायचा, मी म्हणजे कोण? तर म्हणायची, मी म्हणजे मी!"

"मग गेली कुठे ती झाशीची राणी?" काकांनी विचारलं.

"मोठी झाली," आई दारातून म्हणाली.

५

निघायच्या दिवशी ऊन लख्ख होतं. तिची बॅग भरलेली होती. दोन दिवस तळ्याकाठी, ती आणि बाबा. आईला औषधांचं दुकान बंद ठेवता येत नव्हतं.

बाबांनी नेमाप्रमाणे नाक मोजलं. एकाहत्तर. "जड तर जड," म्हणाले आणि नाक हुकावर चढवलं.

ती डबीच्या पायरीजवळ गेली. अजून पाय उचललाही नव्हता, तोच डबी किंचित हलली. पुढच्या बाजूनं खिडकीकडे कलली, स्प्रिंगा कुरकुरल्या आणि पुन्हा शांत झाल्या. वारा नव्हता. बाबा गाडीपाशी होते. बसमध्ये कुणी आपल्याला पाहून सरकून जागा करून देतं ना, अगदी तसं वाटलं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "सोमवारी मुलाखत आहे माझी. तयारी झालेली नाही."

बाबा गाडीच्या दाराशी थांबले. क्षणभरच. "अरे हो की! माझ्या डोक्यातूनच गेलं." त्यांनी तिची बॅग मागच्या सीटवरून काढून स्वतः घराच्या पायरीवर आणून ठेवली. तिच्या डोक्यावर टपली मारली. "पुढच्या वेळी साहेब. एक वाजता फोन करतो. हे तुमचं खातं बघत राहा, सूर्य कामचुकारपणा करत असेल तर कळवा."

गाडी वळेपर्यंत ती हात हलवत राहिली. वळणावर डबीच्या मागच्या खिडकीतला नवा पडदा थोडा बाजूला झाला आणि पुन्हा सरळ झाला. रस्ता खडबडीत होता. ती ते तीनदा मनाशी म्हणाली.

६

पावणेबाराला निरोप आला: पोहोचलो. तळं जागच्या जागी आहे.

तिनं मोबाईलवर खातं उघडलं. सूर्याकडून एकशे साठ. खर्च, तीन.

तिनं फोन लावला. "बाबा, पुढचा दिवा चालू राहिलाय."

"मी कशाला लावू भर दुपारी? थांब." पायांचा आवाज, दाराचा आवाज. "हो की गं, चालूच आहे. काल तूच लावून ठेवला असशील."

सकाळी निघताना खर्च शून्य होता. तिनं पाहिला होता. "असेल," ती म्हणाली. "बंद करा."

"केला."

शून्य. बाबा बदकांबद्दल सांगत राहिले. आता संख्येनं वाढली आहेत, बहुधा किंचाळणारं कुणी न आल्यामुळे. ती हसली. फोन ठेवला तेव्हाही शून्यच होतं. पाणी प्यायला उठली, परत आली तर तीन.

असेल काही, वायर ढिली असेल, ती स्वतःशी म्हणाली. ढिल्या वायरीनं दिवा आपोआप लागू शकतो का, हे काकांना विचारायला तिनं त्यांचा नंबर काढला आणि मग लावला नाही. ते काय सांगतील, ते तिला माहीत होतं.

एकाला दहा मिनिटं कमी असताना फोटो आला. खाली लिहिलं होतं: बघा साहेब, काय सापडलं! जेवलो. आता जरा पडतो.

कपाटाच्या दाराची आतली बाजू होती. पेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकावर एक. तिची उंची. दर सहलीआधी बाबा तिला दाराशी उभी करायचे आणि डबीचं नाक उतरवलं की त्याच काट्यावर तिलाही चढवायचे. "हे सामान धरून चला," म्हणायचे. ते ती साफ विसरली होती. सगळ्यांत वरच्या रेघेपाशी बाबांचं टोकदार अक्षर होतं: वय १०. वजन ३३.

तिनं ते पुन्हा वाचलं. चव्वेचाळीस गेले, अकरा आले.

पुढच्याच बाकाखालून गेलेलं वजन पुढच्याच बाकावर होतं. ती स्वतःशीच हिशेब मांडत होती आणि मधूनच वाटत होतं की हा हिशेब मांडणारं डोकं आपलं नव्हेच. त्या दिवशी सकाळी जुन्या बॅटऱ्यांसकट एकाहत्तर, नंतर त्यांच्याशिवाय एकाहत्तर. म्हणजे आत जे कुणी होतं, त्याला त्या मधल्या वेळातच वजन आलं. की नवी बॅटरी छातीशी धरून ती स्वतः आत गेली, बाकाशी वाकली आणि बाहेर आली, तेव्हाच...

तिनं विचार तिथेच तोडला आणि फोटोकडे पाहिलं. फोटो छान आला होता. सरळ, स्थिर, एकही अक्षर हललेलं नाही. बाबांनी नेहमीसारखा दोन्ही हातांत फोन धरला असणार.

मग स्प्रिंगचं दार उघडं कसं राहिलं?

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. दाराची कड. कडेवर, खालच्या बाजूला, दाराला पलीकडून धरून ठेवलेली चार बोटं. लहान. नखं कुरतडलेली.

तिनं स्वतःची नखं पाहिली नाहीत. ती कशी आहेत हे तिला ठाऊक होतं.

७

एक वाजला. फोन आला नाही. एक वाजून पाच मिनिटांनी तिनं लावला. वाजून वाजून बंद झाला.

दुकानात आईला लावला. "अगं, जेवून आडवे झाले असतील," आई म्हणाली. मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. "डावा कान वर करून झोपले की ढोल वाजवलास तरी कळायचं नाही. काय झालंय तुला?"

"काही नाही. मी जाऊन येते तिथे."

"एकटी?" आईचा आवाज एकदम मऊ झाला. "जा गं. खूश होतील. गेले आठ दिवस नवं पांघरूण घडी घालून ठेवलंय तुझ्यासाठी."

तिनं पुन्हा बाबांचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून जिन्यावर ठेवला आणि बूट घालायला बसली. तासाभराचा रस्ता. स्कूटरची किल्ली खिशात आहे. तिथे जाऊन काय करणार आहोत, हे तिला माहीत नव्हतं. भीती तर वाटतच होती. पण बाबा तिथे एकटे होते. आणि ते एकटे नसतील, तर बारा वर्षं ताडपत्रीखाली, विझलेल्या दिव्याखाली जे कुणी बसून राहिलं होतं, ते एकटं होतं. मला घेऊन चला ना, असं रस्ताभर ओरडूनही त्याला कुणी घेतलं नव्हतं. सगळे हसले होते. ती स्वतःसुद्धा.

फोन वाजून बंद झाला. तिनं परत लावला. मोबाईलच्या पडद्यावर खातं अजून उघडंच होतं. सूर्याकडून एकशे सत्तर. खर्च, तीन.

तिनं नाडी बांधली. खाली पाहिलं तर गाठीचा एक कान लांब होता, एक आखूड.

खर्च शून्य झाला. मग तीन. मग पुन्हा शून्य आणि पुन्हा तीन. मध्ये थोडं थांबून आणखी एकदा. तीनदा. झालं.

चौथ्या घंटेला पलीकडे फोन उचलला गेला.

आधी नुसतं ऊन असल्यासारखी शांतता होती. लांबवर बदकं. जवळ बाबांचं घोरणं, संथ, ओळखीचं, आणि ते ऐकून तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. मग फोनच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला. कुणाची झोप मोडू नये म्हणून माणूस घेतो तसा, जपून.

"बाबा झोपलेत," कुजबुजता आवाज म्हणाला. "मी बोलतेय."